कार्डाचा नंबर चोरीस जातो तेव्हा



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा दरवर्षी आग्रह असतो आणि दरवर्षी मी तो टाळत आलो. मी कला शाखेचा पदवीधर. पोटासाठी बँकेत कारकून झालो. लेखक नव्हे आणि संगणकाचा तज्ज्ञ तर मुळीच नव्हे. परंतु यंदा मंडळाची बैठक आटोपल्यावर तिघांनी मला वेगवेगळे बाजूला घेतले आणि आवाज खाली करून जवळजवळ एकच प्रश्न विचारला, "माझ्या कार्डावरून कोणीतरी पैसे उडवले, आता काय करू?" तिघांपैकी एक शिक्षक, एक रेल्वेतील कर्मचारी आणि एक पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनी. मी सांगायचे ते सांगितले. जाताना तिघांनीही मला एकच गोष्ट बजावली, "पण हे कोणाला सांगू नका हं."

घरात चोरी झाली तर आपण शेजाऱ्यांना हाका मारतो. खिसा कापला गेला तर गाडीतच ओरडतो. मग कार्डावरून पैसे गेले की आपण गप्प का बसतो? आपणच काहीतरी मूर्खपणा केला असणार, लोक हसतील, मुलगा ओरडेल, "एवढे शिकून फसलात?" असे कोणी म्हणेल, ही ती भीती. बँकेच्या खिडकीमागे बसून मी जे पाहिले त्यावरून सांगतो की, या गप्प बसण्याने लोकांचे जितके पैसे बुडतात तितके चोराच्या हुशारीने बुडत नाहीत. कसे ते समजण्यासाठी आधी कार्ड म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल.

कार्डावर काय लिहिलेले असते?

आपल्या बहुतेक कार्डांवर सोळा आकडे असतात. ते वाटेल तसे दिलेले नसतात. पहिल्या आकड्यांवरून कार्ड कोणत्या जाळ्याचे ते कळते. व्हिसाचे कार्ड ४ ने सुरू होते, मास्टरकार्डाची बरीच कार्डे ५ ने, आणि आपल्या रुपेची पुष्कळ कार्डे ६ ने. पहिले सहा ते आठ आकडे मिळून कार्ड कोणत्या बँकेने दिले ते सांगतात. त्यापुढचे आकडे ग्राहकाचे. आणि शेवटचा एक आकडा कोणाचाच नसतो, तो फक्त पडताळ्यासाठी असतो.

हा पडताळा कसा घेतात ते विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहण्यासारखे आहे. गणिताशी माझे शाळेपासूनचे वैर, तरीही मला ते जमले. उजवीकडून सुरुवात करावी. शेवटचा आकडा तसाच ठेवावा, त्याच्या डावीकडचा दुप्पट करावा, त्यापुढचा तसाच, त्यापुढचा दुप्पट, असे शेवटपर्यंत जावे. दुप्पट केल्यावर उत्तर दोन अंकी आले तर ते दोन अंक एकमेकांत मिळवावेत. मग सगळ्यांची बेरीज करावी. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला तर क्रमांक योग्य, नाही गेला तर कोठेतरी चूक आहे. यंत्रांच्या चाचणीसाठी ४१११ ११११ ११११ ११११ असा एक क्रमांक सर्रास वापरतात, तो घ्या. ४ चे झाले ८, सात एकांचे दुप्पट होऊन १४, आणि तसेच ठेवलेले आठ एक म्हणजे ८. एकूण ३०. भाग गेला. आता पहिले दोन आकडे उलटे करून १४११ असे लिहा, बेरीज येते २७. म्हणजे घाईत आकड्यांची उलटापालट झाली तर यंत्राला लगेच कळते. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या गृहस्थांनी १९५४ साली या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९६० साली ते त्यांना मिळाले. त्या काळी ही रीत लिहिण्यातील चुका पकडण्यासाठी होती. चोर पकडण्यासाठी ती कधीच नव्हती.

मला सांगायचे आहे ते नेमके हेच. कार्डाचा क्रमांक हे गुपित नाही. ते गुपित असते तर बँकेने तो ठळक अक्षरांत कार्डावर छापलाच नसता! आपण तो दुकानदारापुढे धरतो, हॉटेलात वेटरच्या हाती देतो. शिवाय वरील रीत जगजाहीर असल्यामुळे बरोबर दिसणारे क्रमांक नुसत्या गणितानेही तयार होऊ शकतात. म्हणजे ज्याने आपले कार्ड आयुष्यात पाकिटाबाहेर काढले नाही त्याच्याही कार्डाचा क्रमांक कोणीतरी कोठेतरी वापरू शकतो. त्यात त्या माणसाचा काय दोष?

गुपित असतात त्या गोष्टी वेगळ्या. चार आकडी पिन, कार्डावरच छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही, आणि प्रत्येक व्यवहाराला मोबाईलवर येणारा ओटीपी. यातील सीव्हीव्ही हे अर्धेच गुपित म्हणायचे, कारण तोही छापलेलाच असतो. काही सावध मंडळी तो पाठ करून कार्डावरून खरवडून टाकतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

चोरीच्या जुन्या आणि नव्या तऱ्हा

आमच्या बँकेतील जुने सहकारी सांगत की, पूर्वी कार्ड एका लोखंडी सरकत्या यंत्रात ठेवून कार्बन कागदावर त्याचा ठसा घेत. दुकानामागच्या कचऱ्यातून ते कार्बन उचलले की चोराचे काम झाले. पुढे कार्डामागे काळी चुंबकीय पट्टी आली. ध्वनिफितीवर गाणे असावे तशी त्या पट्टीवर माहिती असते, आणि गाण्याची नक्कल होते तशी तिचीही होते. एटीएमच्या तोंडाशी छोटे यंत्र चिकटवायचे, पिन टिपायला वर बारीक कॅमेरा लावायचा, हा उद्योग त्यामुळे बोकाळला. पट्टीवरील माहिती नेहमी तीच राहते, हे तिचे दुबळेपण. कार्डावर जी सोनेरी चिप दिसते ती प्रत्येक व्यवहाराला नवी सांकेतिक खूण तयार करते, म्हणून आजची खूण चोरून उद्या उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सर्व बँकांना पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास सांगितले ते याच कारणाने. त्या वेळी आमच्या शाखेत कार्डे बदलण्यासाठी झुंबड उडाली होती आणि पुष्कळांनी, "पुन्हा हा काय नवा त्रास?" म्हणून आम्हाला बोल लावले होते. असो.

चिप आल्यावर चोर इंटरनेटकडे वळले, कारण तेथे कार्ड दाखवावे लागत नाही, फक्त आकडे भरावे लागतात. आपल्या देशात यावर चांगला उपाय झाला होता. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डाच्या व्यवहाराला छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली. पुढे तिलाच ओटीपीचे रूप आले. परंतु परदेशातील दुकानदारावर आपल्या रिझर्व्ह बँकेचा अंमल चालत नाही. तिकडच्या अनेक संकेतस्थळांवर क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर खरेदी होत आली आहे. म्हणून, "मला ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?" असे विचारणारा ग्राहक खोटे बोलत नसतो. हे पुष्कळ बँक कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते.

कधी कधी ग्राहक, दुकानदार कोणाच्याच हातून काही घडत नाही आणि तरी माहिती जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील अनेक बँकांची मिळून सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरली होती. त्या ३२ लाख लोकांनी फक्त एटीएममध्ये जाऊन पैसे काढले होते.

आपल्या पुण्यातील प्रकार तर याहून मोठा. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला. एटीएममधून आलेली मागणी मंजूर करायची की नाही, हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी स्वतःची खोटी यंत्रणा मध्ये बसवली. ती प्रत्येक मागणीला होकार देई. ११ ऑगस्टला, शनिवारी, नकली कार्डे घेऊन उभी असलेली माणसे २८ देशांत पैसे काढू लागली. परदेशांत सुमारे ७८ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक त्यात कमी झाली नाही, तोटा बँकेचा झाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. एवढी मोठी बँक जेथे फसते तेथे आपल्यासारख्या नोकरदाराने स्वतःला मूर्ख म्हणवून तोंड लपवण्याचे काय कारण?

मुदत आणि तिचे महत्त्व

आता नियम पाहू. हा भाग सभासदांनी सावकाश वाचावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढून, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहाराचा बोजा कोणी सोसायचा ते ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. (पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतील ठेवीदाराला हे संरक्षण आहे असे समजू नये.)

चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा बोजा शून्य. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मध्येच कोठेतरी घोटाळा झाला आहे, अशा वेळी सारे काही मुदतीवर अवलंबून असते. बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाचा बोजा शून्य. संदेश मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. चार ते सात दिवसांत कळवले तर प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान ग्राहकाचे. या परिपत्रकात ती मर्यादा शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, इतर बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला १०,००० रुपये, त्याहून मोठ्या क्रेडिट कार्डाला २५,००० रुपये अशी घातली आहे. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सोपवलेले. असे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या शाखेत चालू आकडे विचारून घ्यावेत.

'प्रत्येक व्यवहारामागे' हे शब्द नीट लक्षात घ्या. चोर एकदम मोठी रक्कम काढत नाही, तीन-चार तुकडे करतो. तीन व्यवहार आणि चौथा दिवस, म्हणजे दहा हजार नव्हे, तीस हजारांपर्यंत फटका.

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, असेही त्यात आहे. क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर व्याजाचा बोजा ग्राहकावर पडता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ग्राहकाने आपले निर्दोषत्व सिद्ध करीत बसायचे नाही. तक्रार केव्हाही घेता यावी म्हणून बँकेने चोवीस तास सोय ठेवली पाहिजे, असेही तेच परिपत्रक सांगते. हे शेवटचे वाक्य मी पूर्वी वाचले होते, पण समजले नव्हते. ते कसे समजले ते सांगतो.

एका शनिवारची गोष्ट

२०१९ सालची गोष्ट. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका येत. कन्याकुमारीपलीकडे कधी न गेलेल्या. आमच्याच बँकेचे पन्नास हजारांचे क्रेडिट कार्ड त्यांना आग्रहाने गळ्यात घातलेले होते. शनिवारी दुपारी, खिडकी बंद होण्याच्या बेतात असताना त्या आल्या. गुरुवारी रात्री त्यांना परदेशी खरेदीचे तीन संदेश आले होते, प्रत्येकी जवळजवळ तेरा हजारांचे. शुक्रवार त्यांनी घरात कोणाला न सांगता काढला, कारण मुलाने कार्ड घेऊ नको म्हणून आधीच बजावले होते. मला त्यांनी मोबाईल दाखवला. हात कापत होता.

मी म्हणालो, "बाई, लेखी अर्ज आणा, ओळखपत्राची प्रत आणा, पोलिसांत तक्रार करून तिचीही प्रत आणा, आणि सोमवारी या."

वर आणखी विचारले, "ओटीपी कोणाला सांगितला होता का?" त्या नाही म्हणाल्या. मी मान हलवली खरी, पण माझ्या चेहऱ्यावर अविश्वास त्यांना नक्की दिसला असणार. कार्ड बंद करण्याची साधी गोष्टही मी केली नाही. तो माझ्या टेबलाचा विषय नव्हता, असे मी तेव्हा स्वतःला समजावले.

रविवारी रात्री चौथा व्यवहार झाला, सहा हजार दोनशेंचा. सोमवार त्यांचा पोलीस ठाण्यात गेला. मंगळवारी त्या सगळे कागद घेऊन आल्या. नोंदीत पहिली तारीख पडली ती मंगळवारची. शुक्रवार एक, शनिवार दोन, सोमवार तीन, मंगळवार चार. कार्ड विभागाकडून उत्तर आले की मुदत उलटली आहे, मर्यादित बोजा ग्राहकावर पडेल. तिन्ही व्यवहारांचे मिळून तीस हजार आणि चौथा वेगळा. बाई काही बोलल्या नाहीत. "माझेच चुकले, मी शुक्रवारीच यायला हवे होते," एवढेच म्हणाल्या. त्यांचे चुकले नव्हते. शनिवार हा दुसरा दिवस होता आणि त्या वेळेत आल्या होत्या. परत पाठवले ते मी.

दोन रात्री मला नीट झोप आली नाही. मग मी शाखाधिकाऱ्यांना लेखी निवेदन दिले की, सदर ग्राहक शनिवारी कामकाजाच्या वेळेत माझ्या खिडकीवर तक्रार घेऊन आल्या होत्या आणि मी ती न घेता त्यांना परत पाठवले. ते निवेदन कार्ड विभागाकडे गेले. दीड महिन्याने सर्व रक्कम परत आली, चौथ्या व्यवहारासकट, कारण कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेचे. मला एक मेमो मिळाला. तो मी जपून ठेवला आहे.

ओटीपी आपणच सांगितला असेल तर?

येथे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पिन, ओटीपी किंवा सीव्हीव्ही आपण स्वतः दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाचे, असा नियम आहे. म्हणजे येथे तीन दिवसांची सवलत नाही. पण म्हणून कळवायचे नाही, असा जो अर्थ लोक काढतात तो अगदी उलटा आहे. कळवल्याच्या क्षणापासून पुढचे नुकसान बँकेचे होते. म्हणून येथे दिवस नव्हे, मिनिटे मोजायची.

'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खाते जोडण्यासाठी आलेला आकडा सांगा,' 'वीज आज रात्री तोडली जाईल,' 'तुमचे कार्ड बंद पडणार आहे,' असे फोन येतात. बोलणारा मराठी बोलतो, आपले नाव घेऊन बोलतो, कधी कार्डाचे पहिले आकडेही बरोबर सांगतो. पहिले आकडे बँकेचे असतात आणि त्या बँकेच्या हजारो ग्राहकांचे तेच असतात, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे. म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. पैसे घेण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो.

पैसे गेल्याचे कळताच आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करावे आणि लगेच १९३० हा क्रमांक फिरवावा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची हेल्पलाईन आहे. तीच तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही करता येते. चोराने वळवलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. ते कोणाच्या तरी खात्यात असतानाच तक्रार पोचली तर ती बँक तेथल्या तेथे रक्कम रोखून धरू शकते. एकदा एटीएममधून नोटा बाहेर पडल्या की रोखण्यासारखे काही उरत नाही. बँकेचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तेथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. पण पाकीटच मारले गेले तर कार्डाबरोबर तो क्रमांकही जातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तो घरी कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना

ते 'दुसरे, तिसरे खाते' कोणाचे असते? पुष्कळदा ते एखाद्या महाविद्यालयीन मुलाचे असते. त्याला कोणी मित्र म्हणतो, "तुझे खाते रिकामेच आहे, कार्ड आणि सिम महिनाभर दे, तीन हजार देतो." मुलाला वाटते, खात्यात काही नाही तर जाणार काय? महिन्याने खाते गोठते, त्यात येणारी शिष्यवृत्ती अडकते आणि दुसऱ्या राज्यातील पोलिसांची नोटीस दारात येते. चोराचे नाव कोणाला ठाऊक नसते, खात्यावर नाव मात्र या मुलाचे असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी व ६६ डी खाली, दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते, हे मी आपल्या मुलांना वेगळे सांगायला नको. फसलेल्या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे. खाते भाड्याने देणाऱ्याची बाजू घेणे मात्र मला जमत नाही, तो कितीही गरीब असला तरी. कारण त्याच्या खात्यातून गेलेले पैसेही बहुधा दुसऱ्या गरिबाचेच असतात.

घरबसल्या करण्यासारखे

१ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातील एटीएम व दुकानातील यंत्रासाठीच चालू करून मिळते. इंटरनेटवरील, परदेशातील आणि यंत्राला टेकवून करायचे व्यवहार आपण मागितले तरच सुरू होतात, आणि ते बंद करण्याची व रकमेची मर्यादा घालण्याची सोयही बँकेने द्यावी लागते. वरील बाईंच्या वेळी ही व्यवस्था असती तर ते तीन संदेश आलेच नसते. जुन्या कार्डधारकांनी आपल्या कार्डाचा परदेशी व्यवहार चालू आहे का, ते आजच पाहावे आणि गरज नसेल तर बंद करावा. पाच हजारांपर्यंत कार्ड नुसते टेकवून, पिन न घालता खरेदी होते. ज्येष्ठ मंडळींनी ही सोय बंद ठेवली तर फारसे अडत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी एक सांकेतिक क्रमांक ठेवला जातो. त्यामुळे दुकानदाराची वही फुटली तरी आपला क्रमांक बाहेर पडत नाही. मोबाईल क्रमांक बदलला असेल तर बँकेत आधी कळवावा, कारण संदेश जुन्या क्रमांकावर गेला तर मुदत चालू झाल्याचे आपल्याला कळणारही नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

अर्जाचा नमुना

"मा. शाखाधिकारी यांस,
विषय : माझ्या संमतीशिवाय झालेल्या कार्ड व्यवहारांबाबत.
महोदय, माझ्या कार्डावरील (शेवटचे चार आकडे ....) पुढील व्यवहार मी केलेले नाहीत व माझ्या संमतीने झालेले नाहीत. दिनांक, वेळ, रक्कम, संदेशात दिसणारे दुकानाचे नाव : .... या व्यवहारांचा संदेश मला दि. .... रोजी .... वाजता मिळाला. मी दि. .... रोजी .... वाजता बँकेस दूरध्वनीने कळविले असून तक्रार क्रमांक .... आहे. १९३० वरील तक्रारीचा क्रमांक .... आहे. मी पिन अथवा ओटीपी कोणासही दिलेला नाही. कार्ड त्वरित बंद करावे व रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती."

ओटीपी दिला असेल तर ते वाक्य खोडून, काय घडले ते जसेच्या तसे लिहावे. खोटे लिहिल्यास पुढे सगळा अर्जच संशयास्पद ठरतो. कार्डाचा पूर्ण क्रमांक अर्जात कधीही लिहू नये. पोलीस तक्रारीची प्रत नंतर जोडता येते, तिच्यासाठी अर्ज थांबवू नये. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक बँकेसाठी आणि दुसरीवर शिक्का व सही घेऊन ती आपल्यापाशी ठेवावी. खिडकीमागच्या कारकुनाने "सोमवारी या" म्हटले तर तेथेच उभे राहून अर्ज लिहावा, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही घालून घ्यावी.